तिशी ओलांडलेला विद्यार्थी

दोघे जण एकाच जर्मन विद्यापीठात, एकाच अभ्यासक्रमाला, एकाच दिवशी दाखल झाले असं समजू. तारीख १ ऑक्टोबर २०२५, हिवाळी सत्राचा पहिला दिवस. एकाची जन्मतारीख १५ नोव्हेंबर १९९५, दुसऱ्याची १५ सप्टेंबर १९९५. पहिल्याला तिशी पूर्ण व्हायला अजून दीड महिना आहे, म्हणून त्याला विद्यार्थ्यांसाठीचा सार्वजनिक आरोग्य विमा हक्कानं मिळतो. महिन्याचा हप्ता साधारण १४५ युरो. मधुमेह आहे का, ऑपरेशन झालंय का, असलं काही कोणी विचारत नाही. दुसऱ्याची तिशी पंधरवड्यापूर्वीच पूर्ण झाली आहे. त्याला हा विमा मिळत नाही. दोन महिन्यांच्या फरकानं तो खासगी विम्याच्या बाजारात उभा राहतो, आणि तिथला पहिला प्रश्न असतो: याआधी कोणते आजार होते?

पहिल्याच्या बाबतीत पुढे काय होतं, ते जास्त महत्त्वाचं आहे. नोव्हेंबरमध्ये तोही तीस वर्षांचा होतो. पण ज्या सत्रात तिशी पूर्ण होते ते सत्र संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत, सवलतीचा दर चालू राहतो. त्यानंतर सवलत जाते, सदस्यत्व जात नाही. तो 'ऐच्छिक सदस्य' म्हणून त्याच विम्यात राहतो. हप्ता महिना अडीचशे युरोंच्या पुढे जातो, पण संरक्षण तेच राहतं. म्हणजे या व्यवस्थेत एकदा आत आलेल्याला बाहेर काढत नाहीत. तिशीनंतर नव्यानं येणाऱ्याला मात्र सहसा आत घेत नाहीत.

युरोपात शिकायला जाणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यानं विम्याचा विचार इथून सुरू करावा. 'कोणती पॉलिसी स्वस्त?' हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न असा, की त्या देशाच्या कायद्याच्या नजरेत आपण कोण आहोत: विद्यार्थी, नोकरदार, कुणाचे पती किंवा पत्नी, की यांपैकी कोणीच नाही?

मेडिक्लेमची सवय आणि बिस्मार्कची पद्धत

आपल्याकडे मेडिक्लेम म्हणजे विकत घ्यायची वस्तू. एजंट फॉर्म भरून घेतो, कंपनी वय आणि आजार पाहते, त्यावरून हप्ता ठरतो. जर्मनीत सुमारे नव्वद टक्के लोकांचा विमा अशा पद्धतीनं ठरतच नाही. चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या काळात १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला आणि त्याचं सूत्र आजही टिकून आहे. माणूस समाजात ज्या जागी आहे त्या जागेला विमा चिकटलेला असतो. हप्ता उत्पन्नावर ठरतो, आजारावर नाही. हा विमा चालवणाऱ्या संस्थांना 'क्रांकनकासे' म्हणतात. टेक्निकर, आओके, बारमर ही त्यातली मोठी नावं. त्या सरकारी कचेऱ्या नाहीत आणि नफा कमावणाऱ्या कंपन्याही नाहीत. कायद्यानं बांधलेल्या स्वायत्त संस्था आहेत.

विद्यार्थी या व्यवस्थेत आले १९७५ साली. विद्यार्थ्याला उत्पन्न नसतं, म्हणून त्याचा हप्ता सरकारी शिष्यवृत्तीच्या ठरावीक रकमेवर आणि सर्वसाधारण दराच्या सात दशांश दरानं काढतात. उरलेला भार बाकीचे सदस्य उचलतात. ही सवलत किती काळ द्यायची, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. वर्षानुवर्षं नाव नोंदवून ठेवणारे 'कायमचे विद्यार्थी' सवलतीचा फायदा घेतात अशी तक्रार होती. १९८९ पासून लागू झालेल्या कायद्यानं दोन मर्यादा घातल्या: वयाची तीस वर्षं आणि अभ्यासक्रमाची चौदा सत्रं. सत्रांची अट २०२० पासून रद्द झाली. वयाची अट कायम राहिली.

ही मर्यादा घालताना डोळ्यांसमोर जर्मन तरुण होता. तिशीपर्यंत त्याचं शिक्षण संपेल, तो नोकरीला लागेल आणि नोकरदार म्हणून विम्यात राहील, हे गृहीत होतं. चाकणच्या कारखान्यात आठ-दहा वर्षं काढून, संध्याकाळी पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात जर्मनचे वर्ग करून, चौतिसाव्या वर्षी मास्टर्सला निघालेला अभियंता त्या चित्रात नव्हता. आज जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ती जवळपास ४९,५०० होती. त्यातले बहुतेक विशीतले असले, तरी तिशी-चाळिशीत नोकरी सोडून निघालेल्यांची गाठ याच नियमाशी पडते.

अपवाद कोणते, आणि कोणते नाहीत

कायद्यात अपवादाची सोय आहे. मूल झालं, दीर्घ आजार झाला, घरातल्या अपंग किंवा आजारी माणसाची शुश्रूषा करावी लागली आणि त्यामुळे शिक्षण लांबलं, तर वयाची मर्यादा पुढे सरकते. ती किती सरकू शकते, याचाही निकाल लागला आहे. जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयानं २०१४ साली वरची सीमा ३७ वर्षं धरली. कारण मात्र तिशीच्या आधीचं असावं लागतं, आणि त्याच कारणामुळे उशीर झाला हे कागदोपत्री दाखवावं लागतं. 'आधी नोकरी केली, पैसे साठवले, मग शिकायला आलो' हे कारण चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढ विद्यार्थ्यांचं खरं कारण नेमकं हेच असतं.

ऐच्छिक सदस्यत्वाचा दरवाजा तरी उघडा असेल, असं वाटू शकतं. पण बाहेरून नव्यानं येणाऱ्याला त्यासाठी पूर्वीचा विमा लागतो: आधीच्या सार्वजनिक विम्यातून बाहेर पडण्यापूर्वी सलग बारा महिने, किंवा मागच्या पाच वर्षांत मिळून चोवीस महिने. भारतातला मेडिक्लेम यात धरत नाहीत, मग तो पंधरा वर्षं चालू असला तरी. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून लागू आहे, पण तो निवृत्तिवेतनाचा आहे. आरोग्य विम्याची वर्षं त्यातून जोडली जात नाहीत.

तरीही तिशीनंतर सार्वजनिक विम्यात जाण्याच्या तीन रीतसर वाटा आहेत.

पहिली वाट जोडीदाराची. नवरा किंवा बायको जर्मनीत नोकरीला असेल आणि सार्वजनिक विम्यात असेल, तर दुसऱ्याला 'कुटुंब विमा' विनामूल्य मिळतो. पती-पत्नींना त्यात वयाची अट नाही. स्वतःचं नियमित उत्पन्न मर्यादेत हवं, एवढंच. २०२५ साली ही मर्यादा महिना ५३५ युरो होती. म्युनिकला आयटीत असलेल्या नवऱ्याबरोबर गेलेली आणि पस्तिसाव्या वर्षी मास्टर्सला नाव घालणारी बायको या वाटेनं आत असते. तिनं वेगळी पॉलिसी घेण्याची गरज नाही. पण नवऱ्यानं जास्त पगारामुळे खासगी विमा निवडला असेल, तर ही वाट तिलाही बंद होते. नोकरी स्वीकारताना विम्याचा फॉर्म घाईत भरणाऱ्या नवऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी वाट पीएचडीच्या नोकरीची. जर्मनीत पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा किंवा संशोधन संस्थेचा पगारी कर्मचारी असतो, अर्ध्या वेळेचा का होईना. तो कर्मचारी म्हणून विम्यात येतो, मग वय बत्तीस असो वा बेचाळीस. शिष्यवृत्तीवर पीएचडी करणाऱ्याला मात्र ही वाट नाही, कारण शिष्यवृत्ती म्हणजे पगार नव्हे. त्यातही डाड ही जर्मन संस्था आपल्या शिष्यवृत्तीधारकांच्या विम्याची सोय स्वतः करते. इतर शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी हा प्रश्न आधीच विचारून घ्यावा.

तिसरी वाट युरोपातल्या पूर्वीच्या मुक्कामाची. कोणी नेदरलँड्समध्ये दोन-तीन वर्षं नोकरी करून तिथल्या विम्यात राहिला असेल आणि मग जर्मनीत शिकायला आला, तर तो काळ जर्मनीत मोजला जातो. त्यासाठी तिथल्या विमा संस्थेचा दाखला लागतो आणि अर्ज तीन महिन्यांच्या आत करावा लागतो.

जी वाट सर्वांना सुचते, ती मात्र उपयोगाची नाही. शिकता शिकता आठवड्याला वीस तासांपर्यंत काम केलं, तर जर्मन कायदा त्या माणसाला मुख्यतः विद्यार्थीच मानतो. त्याच्या पगारातून आरोग्य विम्याचा हप्ता कापला जात नाही, आणि त्या नोकरीमुळे तो विम्यात येतही नाही.

एकोणतिशीत होणाऱ्या चुका

काहींचं दुर्दैव वयाचं नसतं, निर्णयाचं असतं. एकोणतिसाव्या वर्षी पोचलेल्या विद्यार्थ्याला महिना चाळीस युरोंची खासगी पॉलिसी दिसते. १४५ युरोंच्या पुढे ती फारच स्वस्त वाटते. तो पहिल्या तीन महिन्यांत सार्वजनिक विम्यातून सूट मागतो आणि ती मिळते. पण ही सूट मागे घेता येत नाही. तो अभ्यासक्रम चालू आहे तोवर ती बांधून ठेवते. पुढे आजारपण आलं, लग्न झालं, मूल होणार असलं, तरी 'आता मला आत घ्या' असं म्हणता येत नाही. वाचवलेले शंभर युरो तेव्हा फार महाग पडतात.

दुसरी चूक भाषेच्या वर्गाची. काही जण सशर्त प्रवेश घेऊन आधी भाषेचा अभ्यासक्रम करायला जातात. भाषेचा विद्यार्थी विमा कायद्यात 'विद्यार्थी' नसतो. एकोणतिसाव्या वर्षी भाषेच्या वर्गाला गेलेला माणूस मूळ अभ्यासक्रमात नाव घालेपर्यंत तीस पूर्ण करतो, आणि मर्यादेच्या पलीकडे जातो. वय काठावर असेल त्यानं जर्मन भाषा पुण्या-मुंबईतच पुरी करून, थेट मूळ प्रवेश घेऊन निघावं. यात भाषेपेक्षा विम्याचा फायदा मोठा आहे.

खासगी पॉलिसी कशी वाचावी

वाटा बंद असतील तर खासगी विमा घ्यावाच लागतो, कारण पुरेशा विम्याशिवाय जर्मनीत विद्यापीठ नाव नोंदवत नाही आणि परदेशी नागरिकांचं कार्यालय वास्तव्याचा परवाना देत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या मुदती पॉलिसी कायद्यानुसार जास्तीत जास्त पाच वर्षांच्या असतात. त्या स्वस्त असण्याचं कारण बारीक अक्षरांतल्या अटींत सापडतं.

पहिली अट पूर्वीच्या आजारांची. बहुतेक मुदती पॉलिसी आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च देत नाहीत. बावीस वर्षांच्या मुलाला याचं फारसं काही वाटत नाही. चाळिशीतल्या माणसाला थायरॉइड, रक्तदाब, साखर यांपैकी काहीतरी असतंच, आणि नेमकं तेच वगळलेलं असतं. फॉर्मवर आजार लपवून काही साधत नाही. क्लेम आल्यावर कंपनी जुने कागद मागते आणि करारच रद्द होऊ शकतो. दुसरी अट प्रतीक्षा काळाची. बाळंतपणाचा खर्च सहसा आठ महिन्यांनंतरच मिळतो. तिसरी दातांची: तातडीचं दुखणं चालतं, कॅप आणि ब्रिज चालत नाहीत किंवा थोडेच चालतात. चौथी मानसोपचाराची, ज्याची गरज प्रौढ वयात एकट्यानं परदेशी राहणाऱ्याला लागण्याची शक्यता कमी नसते.

बिलाची पद्धतही समजून घ्यायला हवी. सार्वजनिक विम्याचा सदस्य डॉक्टरकडे कार्ड देतो आणि घरी येतो. बिल त्याला दिसतही नाही. औषधाच्या चिठ्ठीमागे पाच ते दहा युरो आणि इस्पितळात दिवसाला दहा युरो, तेही वर्षातून जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवस, एवढंच त्याच्या खिशातून जातं. खासगी विमेदाराच्या नावावर बिल निघतं, टपालानं घरी येतं. आधी पैसे भरायचे, मग क्लेम करायचा. खासगी रुग्णाचं बिल सरकारी दरपत्रकावरून निघतं, आणि डॉक्टर त्यातल्या मूळ दराच्या साधारण २.३ पटीपर्यंत आकारणी करतात, कारण दिलं तर त्याहून जास्त. पॉलिसी किती पटीपर्यंत पैसे देते, हे विचारूनच सही करावी. केवळ मूळ दर देणारी पॉलिसी प्रत्येक भेटीत अर्ध्याहून जास्त रक्कम तुमच्या गळ्यात घालेल.

नेहमीच्या गोळ्या बरोबर नेताना साधारण तीन महिन्यांच्या स्वतःच्या गरजेपुरत्या न्याव्यात आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र ठेवावं. संपल्यावर आईनं पार्सलनं पाठवाव्यात, ही आपल्याकडची सहज सुचणारी सोय जर्मनीत चालत नाही. युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीला टपालानं औषधं मागवायला तिथे सहसा बंदी आहे. तिथल्या डॉक्टरकडून लिहून घेऊन तिथल्याच दुकानातून ती विकत घ्यावी लागतात, आणि आजार वगळलेला असेल तर पदरच्या पैशानं. हा खर्च महिन्याच्या हिशेबात आधीच धरावा.

आजारामुळे कोणतीच कंपनी घेत नसेल, तर कायद्यानं एक आधार ठेवला आहे. २००९ पासून खासगी कंपन्यांना 'पायाभूत दरा'ची एक योजना ठेवावी लागते. जर्मनीत राहणाऱ्या आणि सार्वजनिक विम्यात जागा नसलेल्या माणसाला त्यात नकार देता येत नाही, आजारही वगळता येत नाहीत. किंमत मात्र जबर असते. २०२५ साली तिची कमाल मर्यादा महिना ९४० युरोंच्या आसपास होती.

एक कागदी बाब अनेकांना गोंधळात टाकते. २०२२ पासून विद्यार्थ्याच्या विम्याची नोंद क्रांकनकासे विद्यापीठाला थेट संगणकावरून पाठवते. खासगी विमा असलेल्यालाही हीच पद्धत लागू आहे. म्हणजे ज्या संस्थेचे तुम्ही सदस्य नाही, तिच्याकडेच जाऊन 'हा विद्यार्थी सक्तीच्या विम्यात येत नाही' अशी नोंद पाठवून घ्यावी लागते. नाव नोंदणीच्या शेवटच्या आठवड्यात यासाठी धावपळ करण्यापेक्षा प्रवेशपत्र येताच हे काम उरकावं.

सार्वजनिक विम्याच्या बाहेर राहणं कायमचं नसतं. पदवीनंतर नोकरी लागली आणि पगार ठरावीक मर्यादेच्या आत असला (२०२५ साली वर्षाला ७३,८०० युरो), तर माणूस सक्तीनं सार्वजनिक विम्यात येतो. आधी खासगी होता की नाही, हे तेव्हा पाहत नाहीत. ही परतवाट पंचावन्नाव्या वर्षानंतर जवळजवळ बंद होते. तिशी-चाळिशीतल्या विद्यार्थ्यासाठी मुदती पॉलिसी म्हणजे मधल्या दोन-तीन वर्षांची तजवीज, अधिक पदवीनंतर नोकरी शोधण्याच्या परवान्याचे अठरा महिने. पॉलिसीची मुदत या दोन्हींची बेरीज करूनच निवडावी.

शेजारच्या देशांचा हिशेब

तिशीची ही भिंत सगळ्या युरोपात नाही. फ्रान्समध्ये पूर्वी विद्यार्थ्यांची वेगळी विमा व्यवस्था होती आणि तिलाही वयाची अट होती, अठ्ठावीस वर्षांची. २०१८ च्या सुधारणेनं ती व्यवस्थाच मोडीत निघाली आणि विद्यार्थी सर्वसाधारण विम्यात आले, परदेशीही, वय न पाहता. विद्यार्थी-कल्याणाचं वार्षिक अंशदान भरावं लागतं (२०२५-२६ साठी १०५ युरो). डॉक्टरच्या भेटीचे साधारण सत्तर टक्के सरकारी विमा देतो, उरलेल्यासाठी लोक पूरक विमा घेतात. मधुमेहासारख्या दीर्घ आजाराची रीतसर नोंद झाली, तर त्या आजाराच्या उपचाराचा मान्य खर्च पूर्ण मिळतो. चाळिशीतल्या आजारी विद्यार्थ्याला देश निवडायचं स्वातंत्र्य असेल, तर हा फरक अभ्यासक्रमाच्या क्रमवारीइतकाच महत्त्वाचा आहे.

नेदरलँड्समध्ये जर्मनीच्या नेमकं उलट घडतं. नुसत्या विद्यार्थ्याला सहसा तिथला मूळ विमा मिळत नाही. पण त्यानं पगारी काम धरलं, अगदी आठवड्याला काही तासांचं, की मूळ विमा घेणं सक्तीचं होतं आणि चार महिन्यांत तो घ्यावा लागतो. २००६ च्या कायद्यानं कंपन्यांना मूळ विम्यासाठी नकार देता येत नाही आणि वय किंवा आजार पाहून दर वाढवता येत नाही. वर्षाचे पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात. जी छोटी नोकरी जर्मनीत कामाला येत नाही, तीच इथे विमा मिळवून देते. उलट, काम धरूनही जुनीच विद्यार्थी पॉलिसी चालू ठेवणाऱ्याला दंड होतो.

ब्रिटननं हिशेब सरळ ठेवला आहे. व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरायचा, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, संपूर्ण व्हिसाचे एकदम. त्यानंतर एनएचएस या सार्वजनिक आरोग्यसेवेत उपचार मिळतात. वय विचारत नाहीत, आजारही नाही. इटलीत सार्वजनिक सेवेत ऐच्छिक नाव घालता येतं, पण विद्यार्थ्यांचं शुल्क २०२४ पासून सुमारे १५० युरोंवरून ७०० युरोंवर गेलं. ते जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षाचं असतं. सप्टेंबरात पोचणाऱ्याला चार महिन्यांसाठीही पूर्ण ७०० भरावे लागतात, म्हणून पहिल्या वर्षी खासगी आणि जानेवारीपासून सार्वजनिक, असा विचार अनेक जण करतात.

घरचा मेडिक्लेम बंद करावा का?

परदेशी निघताना 'तिथे विमा आहेच' म्हणून भारतातली पॉलिसी सोडून देणं, ही प्रौढ विद्यार्थ्यांची सर्वांत सहज होणारी चूक. ती पॉलिसी तिथे चालत नाही हे खरं. पण पूर्वीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ तिच्यात एव्हाना संपत आलेला असतो. विमा नियामकानं २०२४ मध्ये हा काळ जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांवर आणला, आणि सलग साठ महिने हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पॉलिसी खंडित झाली की ही दोन्ही घड्याळं पुन्हा शून्यापासून सुरू होतात, तेही वाढलेल्या वयात आणि वाढलेल्या हप्त्यात. सुट्टीत घरी आल्यावर राहिलेलं दातांचं काम किंवा गुडघ्याची तपासणी करून घेण्याच्या वेळीही हीच पॉलिसी कामाला येते.

म्हणून दोन वर्षांच्या पदवीचं अंदाजपत्रक मांडताना फी, भाडं आणि जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायच्या ११,९०४ युरोंच्या खाली आणखी तीन ओळी लिहाव्यात: तिथला विमा, त्या विम्यात न बसणारी औषधं आणि इथल्या मेडिक्लेमचे हप्ते. बावीस वर्षांच्या मुलाला पहिली ओळ पुरते. तिशी ओलांडलेल्यानं तिन्ही ओळींची बेरीज करावी, आणि ती पाहूनच देश आणि प्रवेशाचं सत्र ठरवावं.